गावात बर्फ नाही, मग गाडीला मीठ लागलं कुठून?

दर्यापूर तालुक्यातल्या, पूर्णेच्या काठच्या एका गावातून एका शेतकरी वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो.

"भाऊ, नमस्कार. माझ्याजवळ जुनी सात सीटची डिझेल गाडी आहे. चार वर्षांआधी सेकंडहँड घेतली. सकाळी डेअरीचं दूध, हंगामात बी-खत, कोणी आजारी पडलं तर दवाखाना, सगळं हिच्यावरच. गाडीची हेळसांड केली नाही. दर शनिवारी बोअरवर पाइप लावून वरून-खालून धुतो. तरी दारांच्या खालच्या काठाचा रंग फुगला, आणि परवा मागची मॅट उचलली तर पत्र्याला रुपयाएवढं भोक. पोरगा कॅनडात नोकरीला आहे. त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणते, 'बाबा, इथं हिवाळ्यात रोडवर मीठ टाकतात, त्यानं गाड्या अशाच सडतात. तुमच्या गाडीले मीठ लागलं कुठून?' मी काय सांगू? मिस्त्री म्हणतो, खालून रबर कोटिंग मारून घ्या, सगळं झाकून जाईल. मारू का? आणि पोरानं तिकडे नवी गाडी घेतली आहे, त्यानं काय काळजी घ्यावी तेही सांगा."

दादा, नमस्कार.

तुमच्या मुलानं नेमकं बोट ठेवलं आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरातच आहे. उन्हाळ्यातला कूलर आता कुठल्यातरी कोपऱ्यात उभा असेल. त्याची खालची टाकी पाहा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असतो तो, तरी तुमच्या भागात दोन-तीन उन्हाळ्यांत बुडाशी जाळी पडते. बाजूच्या गवताच्या ताट्यांवर पांढरी पुटं चढतात आणि शेवटी शेवटी ताटी हातात घेतली की कुरकुरते. हवा कुठूनही आली असो, ती पुटं पाण्यातून आली. तेच पाणी तुम्ही दर शनिवारी गाडीच्या पोटाखाली मारता आहात.

तुम्ही खारपाणपट्ट्यात राहता. पाणी पिववत नाही, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर, सगळीकडे बोअर मारला की मचूळ पाणी. माणसांच्या किडन्यांविषयी, जमिनीच्या पोताविषयी यावर खूप बोललं गेलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. लोखंडाविषयी मात्र कोणी फारसं बोलत नाही. म्हणून तुमच्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतो.

आधी पाणी मोजा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं टीडीएस मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतं. आरओ बसवणाऱ्याकडे तर असतंच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं मानतं, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. तुमचा बोअर समजा ३००० दाखवतो. म्हणजे लिटरला ३ ग्रॅम क्षार. मीटर नसेल तर एक लिटर पाणी स्वच्छ पातेल्यात पूर्ण आटवा. बुडाशी अर्धा चमचा पांढरं राहील. डोळ्यांनी पाहिलं की मग कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आता हिशेब करा. शंभर लिटर पाणी मारलं तर बहुतेक वाहून जातं, त्याचं काही नाही. पण दाराच्या आत, पायदानाच्या पोकळीत, चॅसिसच्या कानाकोपऱ्यात मिळून पावशेर पाणी अडकलं, असं धरा. ते पाणी सुकतं, मीठ सुकत नाही. दर आठवड्याला पाऊण ग्रॅम, वर्षाला चाळीस ग्रॅमच्या आसपास, आणि चार वर्षांत दीडशे ग्रॅम. एवढं मीठ पत्र्याच्या सांध्यांत भरून ठेवल्यावर पत्रा टिकेल कसा? दादा, मला वाईट याचंच वाटतं की हे तुमच्या निष्काळजीपणानं झालं नाही. तुम्ही गाडीची जी काळजी घेतली, तिच्यातूनच झालं.

मीठ स्वतः लोखंड खात नाही. लोखंडाला गंज चढतो तो पाणी आणि हवा एकत्र आल्यावर. गंजताना पत्र्याच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बारीकशी वीज वाहत असते. साध्या पाण्यातून ती रखडत जाते, खारट पाण्यातून सरळ वाहते. शिवाय मिठातला क्लोराइड, लोखंडावर जो थोडाफार संरक्षक थर धरलेला असतो, तोही फोडतो. आणि तिसरी गोष्ट घरातल्या बायकांना चांगली ठाऊक आहे: पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणजे पाऊस नसला, गाडी धुतलेली नसली, तरी दंव पडलेल्या रात्री दारातलं ते मीठ आपोआप ओलं होतं आणि काम सुरू करतं. आपल्याकडे मे महिन्यात उन्हानं जीव जातो, पण गाडीच्या पत्र्याला तेवढेच दिवस आराम असतो, कारण सगळं खडखडीत कोरडं असतं. खरा त्रास श्रावणापासून संक्रांतीपर्यंत.

कॅनडातही गंज असाच चढतो, फक्त तिथं मीठ वरून टाकतात. मिठाच्या पाण्याचा बर्फ लवकर होत नाही. मीठ भरपूर असेल तर उणे २१ अंशांपर्यंत ते पातळ राहू शकतं. म्हणून रस्ते निसरडे होऊ नयेत यासाठी मीठ टाकतात, आणि चाकांनी उडालेला तो खारट चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो. तिकडे जे काम पालिकेचा ट्रक करतो, ते तुमच्याकडे बोअरचा पाइप करतो आहे. मुलाला एवढं सांगा, त्याला लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात एका शब्दात येऊन गेली: खत. लाल पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, हा पोटॅशियम क्लोराइड असतो. वजनाच्या जवळपास निम्मा त्यात क्लोराइडच. रस्त्यावर टाकायच्या मिठात लोखंडाचा जो वैरी, तोच या गोणीत. मागच्या सीटा पाडून गोण्या भरल्या, एखादी उसवली, दाणे सीटच्या रुळांत आणि पत्र्याच्या घड्यांत गेले, आणि शनिवारी पाइप मारला की ते विरघळून थेट सांध्यात उतरले. तुमचं भोक मागच्या मॅटखालीच पडलं आहे, म्हणून मला याचाही संशय आहे. युरिया त्यामानानं सौम्य. विमानतळांवर विमानांचं धातूकाम मिठानं खराब होऊ नये म्हणून बर्फ वितळवायला युरिया वापरत आले आहेत. पण तोही ओला होऊन शेणामातीत मिसळला की अमोनिया सुटतो, आणि अमोनिया तांब्या-पितळेला खातो. मागच्या दिव्यांच्या वायरींची टोकं हिरवी पडली असतील तर ते त्याचं असू शकतं. तेव्हा खत नेताना खाली जाड ताडपत्री अंथरा, तिचे काठ चारी बाजूंनी वर वळवा. सांडलंच तर आधी कोरडं झाडून काढा, फटीतलं ब्रशनं काढा. पाणी सगळ्यात शेवटी. कोरडा दाणा झाडूनं निघतो, विरघळलेला निघत नाही.

हिवाळ्यात सोल्यासाठी ओला हरभरा उपटून डिक्कीत टाकतात, तिथंही ताडपत्री हवी. हरभऱ्याची आंब जोड्याचं चामडं खाते हे आपण लहानपणापासून पाहिलं आहे. पत्र्यावरच्या रंगालाही ती बरी नाही.

आता या रविवारी एक काम करा. घाईत करू नका, दोन तास मोकळे ठेवा.

चारी दारं उघडा आणि प्रत्येक दाराच्या खालच्या काठाला खालून बोट फिरवा. दोन-तीन लांबट छिद्रं लागतील. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतंच, ते बाहेर पडायला कंपनीनं ही वाट ठेवलेली असते. तुमच्याकडच्या काळ्या मातीनं ती बुजलेली असणार. काळी माती ओली असली की डिंक, सुकली की वीट. तुराटीचं बारीक टोक किंवा खराट्याची काडी घ्या, पाण्यात भिजवा आणि छिद्रात हळूहळू फिरवत माती सैल करा. तार किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका, आतला रंग खरवडला की तिथूनच नवा गंज सुरू होतो. खाली तळहात धरा. आधी मातीचा खडा पडेल, मग काळं पाणी ठिबकेल. गाडी धुऊन चार दिवस झाले असतील आणि तरीही पाणी ठिबकलं, तर दाराचा काठ का फुगला हे तुम्हाला त्या थेंबातच दिसेल. फुगलेला रंग म्हणजे आतून आलेला गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला ढकलून फोड आणतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत बरंच झालेलं असतं.

अशीच छिद्रं पायदानाच्या खालच्या बाजूला, दोन चाकांच्या मधल्या पट्टीत असतात. तीही मोकळी करा. सगळ्या मॅटा आणि खालचा नमदा उचलून उन्हात टाका. एसी असेल तर पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी नमदा ओला आहे का ते पाहा. एसीच्या पाण्याची नळी बुजली की ते पाणी आतच मुरतं.

मग पोटाखाली. हात जोडून सांगतो, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली जाऊ नका. वॉशिंग सेंटरचा रॅम्प वापरा किंवा खड्ड्यावर गाडी घ्या. सोबत बॅटरी आणि लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर असू द्या. मुठीनं पत्र्यावर ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द करतो आणि खपल्या पडतात. तुमच्या गाडीची चॅसिस बहुधा बॉडीपासून वेगळी असेल, तसं असेल तर मजल्याच्या पत्र्याचं भोक लगेच जिवावर बेतणारं नाही. पण चॅसिसच्या आडव्या पट्ट्या आणि मागचे स्प्रिंगचे पाटे जिथं लटकतात त्या जागा ठोकून पाहिल्याच पाहिजेत. तिथं भद्द वाजलं तर गाडी भरून रस्त्यावर नेऊ नका.

आणि ब्रेकचे पाइप. पेन्सिलीपेक्षाही बारीक लोखंडी नळ्या चॅसिसच्या कडेनं मागच्या चाकांपर्यंत जातात. क्लिपखाली माती साचते, तिथंच त्या आधी सडतात. क्लिपच्या आजूबाजूला फडक्यानं पुसा. वरवर तांबूस असेल तर हरकत नाही. खवले निघत असतील, खड्डे पडले असतील किंवा ओलसर तेलकट लागत असेल, तर पाइप बदलायचा आणि तोवर गाडी उभी ठेवायची. ब्रेक ऑइलची पातळी विनाकारण खाली जात असेल तरी हेच. दाराचा पत्रा सडला तर पैसे जातात. ब्रेक पाइप फुटला तर गाडीतला माणूस जाऊ शकतो. डेअरीचं दूध एक दिवस मोटरसायकलवर जाईल. कोटिंगचा विचार करण्याआधी हे करा. बाकी सगळं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

धुण्याविषयी माझं मत तुम्हाला विचित्र वाटेल: गाडी कमी धुवा. कोरडी धूळ दिसायला वाईट, पण पत्र्याचं ती काही वाकडं करत नाही. दर शनिवारी बोअरच्या पाण्यानं धुण्यापेक्षा महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुतलेली बरी. चिखल लागला किंवा खत सांडलं तर मात्र महिना थांबू नका.

गोडं पाणी आणायचं कुठून, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो आहे. शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी घरातल्या बायांनी भरून ठेवलेलं असतं. ते गाडीवर ओता, असं मी म्हणणार नाही, म्हणूही नये. त्याची गरजही नाही. चिखल काढायला बोअरचं पाणी चालेल. चिखल तसाच ठेवण्यापेक्षा ते बरं. फक्त शेवटचा हात गोड्या पाण्याचा हवा, आणि गाडी सुकायच्या आत हवा. त्यासाठी फवारणीचा १६ लिटरचा बॅटरी पंप वापरा. दोन टाक्या, म्हणजे ३२ लिटरमध्ये, चाकांवरचे कोनाडे, पायदानाच्या आतली बाजू, दारांचे काठ आणि चॅसिस नीट निघते. बारीक धार वर, आत, कोपऱ्यात लागते. बादलीनं फेकलेलं पाणी तिथं पोहोचत नाही. पंप मात्र तणनाशकाचा घेऊ नका. एक जुना पंप फक्त या कामाला ठेवा.

पाणी शेततळ्याचं घ्या, विशेषतः प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याचं. ते पावसाचं असतं. दिवाळीपर्यंत चांगलं गोडं, उन्हाळ्याकडे आटत जातं तसं क्षार वाढतात, म्हणून मीटर बुडवून पाहत जा. पुढच्या पावसाळ्यात टिनाच्या छपराखाली २०० लिटरचे दोन ड्रम लावले तरी सगळ्या हिवाळ्याची सोय होते. संत्र्याच्या निमित्तानं परतवाड्याकडे जाणं झालं तर तिथं धुऊन घ्या. सातपुड्याच्या पायथ्याशी बोअरचं पाणी गोडं आहे. तुमच्या तालुक्यातल्या वॉशिंग सेंटरवर पैसे देण्याआधी पाणी कुठलं ते विचारा. बहुतेकांचा स्वतःचा बोअर असतो, मग फेस कितीही पांढरा असो.

एक चूक गावोगाव होते आहे म्हणून मुद्दाम लिहितो. आरओ प्लांटचं वाया जाणारं पाणी फुकट मिळतं आणि दिसतंही स्वच्छ, म्हणून लोक त्यानं गाड्या धुतात. मशीननं गोडं पाणी वेगळं काढल्यावर सगळे क्षार त्या उरलेल्या पाण्यात येतात. ते तुमच्या बोअरपेक्षाही खारट असतं. तसंच कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी. दोन्ही गाडीपासून लांब ठेवा. आणि साबण घ्यायचा तर गाडीचा शॅम्पू घ्या. कपड्याच्या पावडरीनं रंगावरचा मेणाचा थर निघून जातो.

धुतल्यावर गाडी लगेच गोठ्याशेजारच्या बंद टिनात लावू नका, वर ताडपत्रीही झाकू नका. पाच-सात किलोमीटर फिरवून आणा, मग तासभर दारं उघडी टाकून उन्हात उभी करा. ब्रेकही त्यानं सुकतात.

आता रबर कोटिंग. तुमच्या मिस्त्रीनं वाईट हेतूनं सांगितलं असं मी म्हणत नाही, पण त्याचं शेवटचं वाक्य, 'सगळं झाकून जाईल', तेच मला घाबरवतं. माझ्या स्वतःच्या जीपला मी असंच एका गॅरेजात काळं कोटिंग मारून घेतलं होतं. खाली थोडा गंज होता, तो त्यांनी घासला नाही आणि मीही उभा राहून पाहिलं नाही. दोन वर्षं पोट कसं गुळगुळीत काळं दिसायचं. तिसऱ्या वर्षी चाक पंक्चर झालं, पायदानाखाली जॅक लावला, आणि गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात शिरला. कोटिंग तसंच्या तसं होतं, त्याच्या मागचा पत्रा संपला होता. जाड रबराला कुठंतरी खडा लागतो, बारीक चीर पडते, त्यातून खारं पाणी आत जातं आणि मग बाहेर निघत नाही. वरून काहीच दिसत नाही, हा त्यातला मोठा धोका. गंजलेल्या पत्र्यावर कोटिंग मारू नका.

मग करायचं काय? या हिवाळ्यात फक्त छिद्रं मोकळी करा, मीठ धुऊन काढा आणि ब्रेकचं पाहा. पत्र्याचं काम एप्रिल-मेवर टाका. उन्हाळ्यात पोकळ्या आतून खरोखर कोरड्या होतात, आणि हे काम कोरड्या पत्र्यावरच टिकतं. तोवर भोकाभोवतीची जागा घासून, रेड ऑक्साइडचा हात मारून ठेवा.

मे महिन्यात चांगल्या डेंटरकडे जा. सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा जोडायला सांगा. भोकावर पुट्टी भरू देऊ नका, पुट्टी पाणी धरते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची, नमदा आणि सीट बाहेर काढायची, डिझेलचा पाइप जवळून जातो का पाहायचं, पाण्याची बादली आणि वाळू शेजारी ठेवायची. वेल्डिंगनं पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंगही जळतो, म्हणून प्रायमर दोन्ही बाजूंनी हवा. डेंटर पुढची बाजू रंगवतो आणि मागची विसरतो. तिथं तुम्ही उभे राहा. जिथं नुसता वरचा गंज आहे तिथं तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासून गंजावर लावायचं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावायचं, मग प्रायमर, मग रंग. दारांच्या आणि पायदानाच्या पोकळीत मात्र ब्रश पोहोचत नाही. तिथं मेणाची किंवा लॅनोलिनची पातळ फवारणी लांब नळीनं करून घ्यायची. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. ती सांध्यात मुरत जाते, वाळून तडकत नाही, आणि खरचटलं तरी पुन्हा पसरते. माझा कल जाड रबरापेक्षा याकडेच आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी एक हात द्यावा लागतो, तो द्या. फवारणी करणारा छिद्रं बुजवत नाही ना, आणि ब्रेकवर किंवा सायलेन्सरवर मारत नाही ना, एवढं पाहा.

काही जण स्वस्तातला उपाय म्हणून जळालेलं इंजिन ऑइल खालून मारतात. तुम्हालाही कोणीतरी सांगेल. ते करू नका. त्या ऑइलमध्ये आम्लं आणि धातूचा कीस असतो, सस्पेन्शनचे रबरी बुश त्यानं फुगून खराब होतात, आणि जे ठिबकतं ते तुमच्याच अंगणात, गुरांच्या पायाखाली ठिबकतं.

मुलाचं थोडक्यात. त्याची गाडी नवी आहे, म्हणजे त्याचं काम सोपं आहे. नव्या गाडीचा पत्रा बहुतेक जस्ताचा मुलामा दिलेला असतो आणि कारखान्यात रंगात बुडवून काढलेला असतो. ते कवच टिकवायचं एवढंच. बर्फ पडायला लागण्याआधी, शरद ऋतूत, मेणाची किंवा तेलाची फवारणी दर वर्षी करून घ्यावी. तिकडे ती सहज मिळते. हिवाळ्यात दोन आठवड्यांतून एकदा, पारा शून्याच्या वर असेल त्या दिवशी, पोटाखालून धुऊन घ्यावी आणि दारांची रबरं पुसावीत, नाहीतर ती गोठून चिकटतात. खूप थंडीत साधं मीठ नीट चालत नाही, म्हणून कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात. ते अगदी कोरड्या हवेतूनही पाणी ओढतात आणि पत्रा सुकू देत नाहीत. मिठानं माखलेली गाडी रोज ऊबदार गॅरेजात लावली तर बाहेर थंडीत उभ्या असलेल्या गाडीपेक्षा लवकर सडते, कारण बर्फ वितळतो आणि उबेत गंज वेगानं चढतो. वसंतात बर्फ गेल्यावर एकदा मन लावून सगळं धुवायचं. आणि शोरूममध्ये गंज थांबवणारं विजेचं यंत्र म्हणून काही विकायला आलं तर घेऊ नये. पाण्यात बुडालेल्या जहाजाला किंवा जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनला ती युक्ती लागू पडते. हवेत उभ्या असलेल्या गाडीभोवती सलग पाणी किंवा माती नसते.

जुनी गाडी पुन्हा घ्यायची वेळ आली तर कागद पाहून घ्या. एमएच ०७ किंवा एमएच ०८, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची, किंवा मुंबई-ठाण्याकडची असेल तर समुद्राच्या हवेत तिचे किती दिवस गेले ते विचारा, आणि पैसे देण्याआधी मॅट उचला. तुमची ही गाडी मूळची कुठली, तेही एकदा बघा.

रविवारी दारांतून जी माती निघेल ती फेकू नका. एका वाटीत घ्या, वाळवा आणि बोटांनी चुरा. नुसती काळी असेल तर दार अजून वाचण्यासारखं आहे. तिच्यात तांबूस खपल्या निघाल्या तर त्या दाराचा खालचा काठ मे महिन्यात उघडावाच लागेल. चारी दारांचं काय निघालं, आणि मीटरनं आकडा किती दाखवला, ते मला कळवा. ब्रेक पाइपचं मात्र पत्रानं कळवत बसू नका. शंका आली तर त्याच दिवशी मिस्त्रीकडे.